शिंपिणीची नरकाची तयारी

३ मार्च, सोमवार

शिंपिणीने आज माझा चमचा चोरला!

मी पाहिलं ना. चहा झाला, कप खाली ठेवला, इकडेतिकडे बघितलं आणि चमचा सरळ ब्लाउजमध्ये. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. काचेत सगळं दिसत होतं. भिंतीला भिंत लावून जन्म गेला आमचा. वाटीभर साखर नेली तर दीड वाटी परत आणणारी बाई ती! आणि चोरला तोही दांडा वाकलेला. चोरायचाच होता तर चांगला तरी घ्यायचा.

"येते गं," म्हणाली दारातून. कान लालबुंद.

हे सगळं मी फोनला सांगते आहे. हॉस्टेलला जायच्या आधी नातीने फोनमध्ये काहीतरी घालून दिलं. "आजी, तू नुसती बोल, ते लिहील. आधी तारीख सांगायची, मग मनात येईल ते." मला अक्षर ओळखता येत नाही. म्हणजे माझं गुपित माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित! मुलगा आणि सून सकाळी जातात ते दिवे लागल्यावर येतात. मधल्या वेळात या घरात दोघंच बोलतो, मी आणि फ्रीज. फ्रीज जास्त बोलतो.

४ मार्च, मंगळवार

चमचा आला नाही. शिंपीणही आली नाही.

६ मार्च, गुरुवार

सकाळी वॉचमन दारात. "आजी, माझी छत्री बघितलीत का? खुर्चीला अडकवली होती." मी म्हटलं, ऊन पडलंय, छत्री कशाला? म्हणाला, "उन्हासाठीच हो! माझ्या डोक्यावर काय छप्पर आहे?"

शिंपिणीकडे गेले. दार उघडंच. मशीनपुढे बसलेली, मांडीवर काळी छत्री, हातात सुई. चोरलेल्या छत्रीची उसवलेली कड शिवत होती!

मला इतकं हसू आलं की मी दाराची चौकट धरली. ती रागावली. "हसतेस काय? दुसऱ्याची वस्तू, ती फाटकी कशी ठेवायची?"

"मग चोरली कशाला?"

तिने गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं. आत माझा चमचा, मधल्या मजल्यावरच्या मास्तरांचा टॉवेल, कुणाचा तरी कंगवा. टॉवेलची सुटलेली किनार दुमडून, टीप घालून, घडी करून ठेवलेली. सगळा चोरीचा माल बाजारात मांडावा असा!

छत्री मीच खाली नेऊन दिली. वॉचमन उघडून बघतो तर नव्यासारखी. म्हणाला, "ज्यांनी कुणी नेली त्यांना सांगा, माझी पँटसुद्धा न्या."

७ मार्च, शुक्रवार

आज बोलली. बोलली ती अशी की मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

तिचा धाकटा, आम्ही सगळे त्याला बारक्या म्हणायचो. रेडिओ दुरुस्त करायचा. मग लोकांनी रेडिओ ऐकायचं सोडलं, आणि तो हळूहळू बोलायचा थांबला. पाच-सहा वर्षांपूर्वी एका दुपारी गच्चीवर गेला आणि खाली आला तो जिन्याने नाही. त्यावर मी आणि शिंपीण कधी बोललो नाही. ती बसायची, मी बसायची, मध्ये चहा असायचा.

गेल्या महिन्यात चौकातल्या हॉलमध्ये प्रवचनं झाली. मीच तिला ओढून नेलं. मला प्रवचनाचं काय? तिथे मोठे पंखे होते आणि माणसं होती. प्रवचनकार पंख्याखाली बसून आगीबद्दल बोलत होता, घाम रुमालाने टिपत. म्हणाला, ज्याने स्वतःचा जीव स्वतः घेतला त्याची नरकातून सुटका नाही. युगं गेली तरी नाही. मी जांभई दिली. शिंपिणीकडे बघितलंच नाही. बघायला हवं होतं.

आज म्हणते, "मी जन्मभर नीट वागले गं. कुणाचं कापड मारलं नाही, कुणाला खोटं माप सांगितलं नाही. मी मेले की मला वर नेतील. आणि तो तिथे खाली एकटा. त्याला अंधारात भीती वाटायची, माहीत आहे ना तुला? मोठा झाला तरी दिवा लावून झोपायचा. मी वर जाऊन काय करू?"

मी म्हटलं, म्हणून चमचा?

"सुरुवात कुठून तरी करायला नको का?"

मला हसू आलं. या वयात बाई पाप शिकायला बसली आहे. मुलाजवळ जायला!

"नरक नसतोच," मी म्हटलं.

"तू बघून आलीस?"

"आणि तू?"

"तो प्रवचनकार एवढा शिकलेला, तो खोटं बोलेल का?"

तिच्यापुढे माझं काय चालणार. मी पडले इस्त्रीवाली. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करण्यात माझा जन्म गेला. ती मला अजून त्याच नावाने हाक मारते.

९ मार्च, रविवार

आज घरात माणसं होती. सगळ्यांना विचारलं, नरक असतो का?

मुलगा पेपरातून मान वर न करता, "आई, मेलं की संपलं." सून भाजी चिरत होती. म्हणाली, "असतो ना. आमचं ऑफिस. सोमवारी या बघायला." दूधवाला म्हणाला, असतोच, पण आमच्यासाठी वेगळी खोली असणार, पाण्याची भरपूर सोय असलेली. वॉचमनने मात्र नीट विचार केला. "आजी, नरक असेल तर त्याला गेट असणार. गेट असेल तर वॉचमन लागणार. तिथेही खुर्ची मोडकीच देतील."

नातीला फोन लावला. "आजी, तुला बरं नाहीये का?" असं विचारलं तिने. बरी आहे म्हटलं. वर्गाची वेळ झाली तिची.

मी स्वतः? लाँड्रीत माझं टेबल बॉयलरला लागून होतं. उन्हाळ्यात वाफेने पापण्यासुद्धा भाजायच्या. कोणी नरकाचं वर्णन करायला लागलं की मी विचारायची, तिथे चहाची सुट्टी असते का? नसली तर वाईट, असली तर सवयीचं आहे. असं बोलून सगळ्यांना हसवायची मी. खरं सांगू? मला आगीची भीती कधी वाटलीच नाही. मला नरक म्हटलं की एक खोली दिसते. स्वच्छ, इस्त्रीच्या चादरी घातलेली. आणि कोणी येत नाही.

११ मार्च, मंगळवार

शिंपीण मास्तरांना खोटं सांगून आली की तुमच्या मुलीचा फोन येऊन गेला, ती फार आठवण काढत होती. मास्तर दिवसभर शीळ घालत होते, आणि संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन लावला, तर ती खरंच रडली म्हणे! शिंपीण कपाळाला हात लावून बसली. "माझं एक पाप धड होत नाही गं!"

मी इतकी हसले. तीही हसली. कितीतरी दिवसांनी.

१३ मार्च, गुरुवार

आजचं वाईट.

कोपऱ्यावरच्या दुकानात तिने साबण उचलला. दुकानदार नवा, तिला ओळखत नाही. त्याने सगळ्यांसमोर पिशवी उलटी केली. साबण, रुमाल, चष्म्याचं घर, सगळं फरशीवर. "या वयात लाज नाही वाटत?" म्हणाला. मला कुणी तरी बोलवायला आलं. मी गेले तर ती मधोमध उभी, मान ताठ. रडत नव्हती. बाकीचे लोक तिच्याकडे बघत होते आणि ती माझ्याकडे बघत होती, पहिला नंबर आल्यासारखी.

घरी आणलं. बसवलं. पाणी दिलं. मास्तरांनी तिच्या मुलीला कळवलं. मुलगी दुसऱ्या गावी असते. उद्या येते म्हणाली. "आईचं डोकं फिरलंय, मी घेऊन जाते तिला."

डोकं फिरलेलं नाही. पण ते कुणाला समजावून सांगू? आणि कसं?

१४ मार्च, शुक्रवार

फोन टेबलावर ठेवून बोलते.

सकाळी तिच्याकडे गेले. केस विंचरून बसली होती. शांत. मला ती शांतता आवडली नाही. म्हणाली, "इस्त्रीवाली, साबण-चमच्यांनी काही होणार नाही. चांगली वागले ते ढीगभर, पाप चिमूटभर. तराजू हलणारसुद्धा नाही. आणि लेक मला घेऊन गेली की तिच्या घरात चोरी कशी करू?"

मी म्हटलं, सोड ना तो नाद.

"खात्रीचा रस्ता एकच आहे," म्हणाली. "तो ज्या रस्त्याने गेला तोच. मग मला दुसरीकडे नेताच येणार नाही कुणाला."

असं म्हणाली, आणि मला विचारलं, चहा घेणार का?

मी चहा घेतला. काय करणार! घोटाघोटाने घेतला, कितीतरी वेळ. मग खाली जाऊन वॉचमनला म्हटलं, गच्चीला कुलूप लाव. म्हणाला, "आजी, कुलूप गंजून पडलं, मागणी केली आहे." मग मी गच्चीच्या जिन्यात, शेवटच्या वळणावर, पायरीवर बसून राहिले. दुपारभर. माझा मुलगा लवकर आला आज, वर येऊन बघतो तर मी.

"आई, इथे काय करतेस?"

"हवा खाते."

"बंद जिन्यात?"

त्याला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच त्याने माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. जाऊन नवीन कुलूप घेऊन आला. शिंपिणीची मुलगी आली तेव्हा तिलाही मी बाजूला घेऊन सांगितलं, आईला एक क्षण एकटी सोडू नकोस, डॉक्टरला दाखव. ती पांढरी पडली. आईच्या खोलीतच अंथरूण घातलं तिने.

पण कुलूप किती दिवस पुरणार? ती जाईल त्या गावात गच्च्या नाहीत का? तिच्या डोक्यात ज्या जागी तो खाली एकटा बसलाय, तिथून त्याला उठवायला हवं. त्या जिन्यात बसून मी एक गोष्ट रचली. उद्या सांगणार. खोटी आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. इथे बोलून ठेवते, म्हणजे कुठे तरी खरं राहील – त्या दुपारी मी स्वयंपाकघरात होते. भांडं पडल्यासारखा आवाज आला. एवढंच मला माहीत आहे.

१५ मार्च, शनिवार

सांगितलं.

लेक सामान भरत होती. शिंपीण मशीनपुढे बसलेली, मशीनवर झाकण घातलेलं. लेकीला मी चहाच्या निमित्ताने बाहेर पाठवलं. दार लावलं. म्हटलं, "तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तू माझं तोंड बघणार नाहीस म्हणून नाही सांगितली इतकी वर्षं."

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली.

म्हटलं, "त्या दिवशी माझी चादर गच्चीवर वाळत होती. वाऱ्याने उडाली आणि कठड्याच्या पलीकडे लोखंडी सळईला अडकली. मी आपल्या गॅलरीतून बघितलं. आपली इमारत अशी वळलेली, इथून पलीकडची गच्ची दिसते. बारक्या वर होता. मी त्याला हाक मारली – बारक्या, तेवढी चादर ओढ रे! तो हसला. वाकला. आणि पाय घसरला त्याचा. त्याने जीव दिला नाही गं. माझ्या एका चादरीपायी पडला तो. मग वारा आला आणि चादर खाली अंगणात गेली, मी ती गुपचूप उचलून आणली. पाप त्याचं नाही. माझं आहे."

चादरीचं मला सगळं माहीत. ओली किती जड होते, सुकली की कशी फडफडते, सळईला कशी अडकते. म्हणून चादरच घेतली.

"शपथ घे," म्हणाली.

"माझ्या मुलाची शपथ."

"कोणती चादर?"

"निळी. पांढऱ्या फुलांची."

"फुलं दिसली तुला?"

"म्हणजे काय! दिसली."

"त्याने काय घातलं होतं?"

"चौकड्यांचा शर्ट. वरचं बटण तुटलेलं."

तिने झाकणावरून हात फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही. "बरं," म्हणाली. "जा आता तू."

मी गेले.

संध्याकाळी मुलगा जेवायला बसला आणि शिंकला. नरक न मानणारी मी, पण त्याचा प्रत्येक घास मोजल्यासारखी बघत बसले. पाणी पिताना ठसका लागला तर उठून उभी राहिले. सून म्हणाली, "आई, काय झालं?" काही नाही म्हटलं, मिठाचं बघत होते.

१६ मार्च, रविवार

नेलं तिला. टॅक्सीत बसताना पाठमोरी होती. वॉचमनने छत्री धरली होती तिच्यावर, कड शिवलेली. मी गॅलरीत उभी होते. तिने वर बघितलं नाही.

२० मार्च, गुरुवार

फोन केला. लेक म्हणाली, डॉक्टरने गोळ्या दिल्यात, जेवते, झोपते. फोनवर दे म्हटलं. "मावशी, आत्ता पडली आहे ती."

२४ मार्च, सोमवार

पुन्हा केला. आंघोळ करते आहे म्हणे.

चहा दोन कप करायची सवय जात नाही. एक पिते, दुसरा निवतो. साय धरली की ओतून देते.

२८ मार्च, शुक्रवार

छातीत पाणी झालं आहे तिला. हॉस्पिटलमध्ये आहे. मला बोलावलं नाही. का बोलावतील? जिने मुलाला मारलं तिला कोण उशाशी बसवतं? गोष्ट रचताना हे ठाऊक होतंच की. ठाऊक असणं वेगळं.

पण जेवते आहे, झोपते आहे. मला तेवढंच हवं होतं. तेवढंच हवं होतं का? फोनला खोटं सांगून काय उपयोग. ती माझ्याशी बोलायला हवी होती.

२ एप्रिल, बुधवार

शिंपीण गेली. झोपेत. पहाटे.

मुलाने रजा घेतली. दिवसभर घरात होता. माझ्यासाठी चहा केला. पाणीच होतं ते, पण प्यायले.

५ एप्रिल, शनिवार

आज बसून नीट विचार केला.

नरक नसेल तर काही प्रश्नच नाही. ती नाही, बारक्या नाही, उद्या मीही नाही. संपलं, मुलगा म्हणतो तसं.

पण असला तर? पाय घसरून पडलेल्या माणसाला कोण नरकात घालेल? तो सुटला. तिची सगळी चोरीसुद्धा शिवून, घडी करून ठेवलेली, तीही सुटली. दोघं वर, एकमेकांजवळ. आणि मी? मुलाच्या गळ्याची खोटी शपथ, मेलेल्या माणसाच्या नावाने खोटी गोष्ट. माझी जागा पक्की. तिला मीच ढकललं वर, या दोन हातांनी, आणि आता खाली मी एकटी. स्वच्छ खोली. इस्त्रीची चादर.

तिथे फ्रीज असला म्हणजे झालं.

पलीकडून मशीनचा आवाज येत नाही. यायचा तेव्हा मी भिंतीवर थापटी मारून ओरडायची, बंद कर गं, डोकं उठलं!

१२ एप्रिल, शनिवार

तिची लेक खोली रिकामी करायला आली. मी दाराशी उभी, आत जाऊ का नको. तीच आली पुढे. "मावशी, बरं झालं भेटलात. आईचा एक निरोप आहे. फोनवर सांगायचा नाही, तोंडावर सांगायचा, म्हणाली. नाकातली नळी काढून काढून माझ्याकडून पाठ करून घेतला तिने. मला तर त्यातलं काही कळलं नाही."

कसली घाबरले मी! बोल म्हटलं.

लेकीने शाळेत कविता म्हणतात तशी मान वर केली. "इस्त्रीवालीला सांग, ज्या वर्षी माझा पोरगा गेला त्या वर्षी तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. जिना मी तुला हात धरून उतरवत होते. समोरची गच्ची दिसत नव्हती तुला, गधडे, फुलं कुठून दिसली? माझ्यासाठी पोटच्या पोराची खोटी शपथ घेतलीस. ते पाप दोघींचं, आता तुझीही सुटका नाही. मी आणि पोरगा पुढे होतो. तू सावकाश ये."

मोतीबिंदू! ऑपरेशन झालं आणि मी साफ विसरले होते.

लेकीने विचारलं, "मावशी, कुठे जायचंय तुम्हाला?"

शेजारीच गं, म्हटलं.